सात बरोबर सातबारा

एक ओळ वाचा.

७ == "७/१२"

मराठीत सांगायचं तर, सात आणि सातबारा सारखेच का? पीएचपीच्या सातव्या आवृत्तीपर्यंत हा प्रश्न कुठल्याही सर्व्हरवर टाका, उत्तर एकच यायचं. हो, सारखेच. त्या जुन्या आवृत्त्या अजून कितीतरी ठिकाणी चालू आहेत, त्यामुळे 'यायचं' हा भूतकाळ मी जरा उदारपणेच वापरतोय.

(या लेखात आकडे मराठीत आहेत. कोडात ते इंग्रजी असतात असं धरून चाला. खरोखरच मराठी आकडे टाकले तर काय होतं ते पुढे येईल आणि ते याहून वाईट आहे.)

पीएचपीच्या विक्षिप्तपणावर मीम्स ढिगाने आहेत. इंजिनीअरिंगची पोरं ते एकमेकांना पाठवतात, हसतात, पुढे जातात. मला त्यातल्या एका मीमवर हसू येत नाही. कारण तीच चूक मी स्वतः लिहिली होती आणि तिच्यापायी माजलगाव तालुक्यातल्या दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं.

२०१९ चा जून. मी पुण्यात एका छोट्या ऑफिसात कोड लिहायचो. काम आलं ते आमच्याच बीड जिल्ह्यातल्या एका शेतकरी कंपनीचं. सभासदांना सोयाबीनचं बियाणं सवलतीत द्यायचं, त्यासाठी ऑनलाइन अर्ज, एका गट नंबरवर एकच अर्ज. आधी कागदावर मंजूर झालेल्या अर्जांची एक्सेल फाइल त्यांनी पाठवली. मी चार ओळी लिहिल्या: नवा अर्ज आला की त्याचा गट नंबर जुन्या यादीत शोधायचा. सापडला तर संदेश दाखवायचा, "या गटावर अर्ज आधीच मंजूर झाला आहे." गावाकडचं काम म्हणून मी जरा जास्तच खूश होतो. टेस्टिंग केलं. चाललं.

त्या यादीत थोरल्या भावाचा गट होता २१४. वाटणी झाली, फेरफार झाला, एकाचा २१४/१ आणि दुसऱ्याचा २१४/२ झाला, पण कंपनीच्या जुन्या रजिस्टरात थोरल्याच्या नावापुढे नुसता २१४ च राहिला होता. धाकटा सेवा केंद्रावर गेला, २१४/२ भरला आणि पडद्यावर माझा संदेश आला. केंद्रावरच्या पोराने त्याचा सरळ अर्थ लावला: "तुमच्या भावानं भरलाय की." थोरल्याच्या घरी बियाण्याच्या पिशव्या येऊन पडल्याच होत्या. वाटणीच्या वेळचं काही जुनं मनात असणारच. ते सगळं त्या एका वाक्यात बसलं.

धाकट्याने माझ्या चुलत्याकडून माझा नंबर घेतला. म्हणाला, "तू कम्प्युटरमधी असतोस ना, मग बघून सांग की. थोरल्यानं माझ्या रानावर फॉर्म भरला का न्हाई, एवढंच सांग."

मी काय केलं? ऑफिसात बसून तोच नंबर टाकून पाहिला, तोच संदेश मला दिसला आणि मी म्हणालो, "काका, सिस्टीममध्ये तसंच दिसतंय."

चुकीचा कोड कोणाच्याही हातून लिहिला जातो. पण ते वाक्य माझं होतं, टाइप केलेलं नाही, तोंडाने बोललेलं. तेव्हापासून 'सिस्टीममध्ये तसंच दिसतंय' म्हणणाऱ्या कुठल्याही माणसावर, मग तो बँकेतला असो की तहसीलमधला, माझा विश्वास बसत नाही. दिसतंय ते कोणीतरी तसं दिसायला लावलेलं असतं.

आता हे झालं कसं ते समजून घ्या, कारण यातला प्रत्येक टप्पा दिसायला शहाणपणाचा आहे. एक्सेलच्या चौकटीत २१४ लिहिलं की तो आकडा होतो. २१४/२ लिहिलं की तो मजकूर होतो, कारण मधे तिरपी रेघ आहे. (आणि ७/१२ लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. सात डिसेंबर किंवा बारा जुलै, मशीनच्या सेटिंगप्रमाणे. महाराष्ट्रातल्या जमिनीच्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदाची ही किंमत.) म्हणजे माझ्या यादीत २१४ हा आकडा होता आणि अर्जातून आलेला "२१४/२" हा मजकूर. यादीत शोधायला पीएचपीत 'इन ॲरे' नावाचं तयार फंक्शन आहे. ते मुळात सैल तुलना करतं, म्हणजे दोन बरोबरच्या चिन्हांची, == वाली. आकडा आणि मजकूर समोरासमोर आले की जुनी पीएचपी मजकुराला आकडा बनवायला जायची. "२१४/२" वाचायला लागली, दोन, एक, चार, मग तिरपी रेघ दिसली, थांबली. हाती आलं २१४. उरलेलं फेकून दिलं. पोटहिस्सा फेकून दिला. वाटणी फेकून दिली. २१४ बरोबर २१४. अर्ज आधीच मंजूर झाला आहे.

ना एरर, ना लाल रेघ. तुलना करताना पीएचपी अशा वेळी हूं की चूं करत नाही.

या वागण्याचं मूळ शोधायला गेलं तर तिथे दुष्टपणा नाही, उलट पाहुणचार आहे. रासमुस लेर्डोर्फने १९९५ मध्ये जी हत्यारं लोकांसमोर ठेवली ती त्याच्या स्वतःच्या वेबपेजसाठी होती, त्याचा बायोडेटा कोण पाहून जातं ते मोजायला. 'पर्सनल होम पेज' हेच त्या तीन अक्षरांचं मूळ नाव. वेबवरच्या फॉर्ममधून जे येतं ते सगळं मजकूर म्हणून येतं. तुम्ही वयाच्या चौकटीत १८ लिहिलं तरी सर्व्हरकडे पोचतो तो "१८" हा मजकूर. मग नवख्या माणसाला दर वेळी रूपांतर करायला कशाला लावायचं? भाषाच समजून घेईल. हौशी पानांसाठी हे ठीक होतं. पुढे चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २००० मध्ये, तीन बरोबरचं चिन्ह आलं, ===. ते मजकुराला मजकूर आणि आकड्याला आकडा समजतं, जात वेगळी तर उत्तर 'नाही'. म्हणजे माझ्या चुकीवरचं औषध माझ्या चुकीच्या १९ वर्षं आधी बाजारात आलेलं होतं. 'इन ॲरे' ला तिसरं एक कलम देता येतं, 'ट्रू' एवढंच. ते दिलं की तेही काटेकोर होतं. मी दिलं नाही. कारण ज्या नोट्समधून मी शिकलो त्यात ते नव्हतं आणि ज्या सिनिअरने माझा कोड पाहिला त्याने पाहिलं ते एवढंच, की चालतंय.

'चालतंय ना' हा माझा खरा शत्रू आहे, पीएचपी नव्हे. त्याच्याकडे येतोच. आधी ही सैल तुलना आणखी कोणाकोणाला सारखं ठरवते ते बघा.

जुन्या पीएचपीत ० == "बीड" हे खरं होतं. ० == "परळी" हेही खरं. ज्या मजकुराच्या सुरुवातीला आकडा नाही त्याचा आकडा शून्य, म्हणून. न्याय सगळ्यांना सारखा होता, ० == "पॅरिस" हेही खरंच. पण गणिताच्या सरांना विचारा: बीड शून्याबरोबर, परळी शून्याबरोबर, मग बीड आणि परळी एकमेकांबरोबर? पीएचपी म्हणते, नाही, ते वेगळे. ज्या 'बरोबर' मध्ये एवढंही धरून चालता येत नाही त्याला बरोबर का म्हणायचं?

मराठी आकड्यांचं आता सांगतो. फोनचा मराठी कीबोर्ड १, २, ३ देवनागरीत टाकतो. पीएचपीला ते आकडे वाटतच नाहीत, ती अक्षरं वाटतात. म्हणून एखाद्याने 'क्षेत्र' मध्ये देवनागरी २ टाकून दिलं आणि कोड लिहिणाऱ्याने त्याचा सरळ पूर्णांक केला, तर हाती येतो शून्य. हे आजच्या पीएचपीतही तसंच आहे. दोन एकर रान असलेला माणूस आपल्या भाषेत आकडा लिहिला म्हणून भूमिहीन होतो.

आणि जो खरंच भूमिहीन आहे त्याचं? आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यातल्या एखाद्या बाईने फोनवर कुठल्याशा योजनेचा फॉर्म उघडला आणि 'जमीन किती' समोर प्रामाणिकपणे शून्य भरलं असं समजा. चौकट रिकामी आहे का हे तपासायला पीएचपीत 'एम्प्टी' नावाचं साधन आहे. त्याच्या मते "०" म्हणजे रिकामं. फॉर्म म्हणतो, कृपया जमीन भरा. ती पुन्हा शून्य भरते. फॉर्म पुन्हा म्हणतो, कृपया जमीन भरा. काहीतरी खोटं लिहिल्याशिवाय तो पुढे जाणारच नाही. उलट्या बाजूनेही तेच: भरलंच नाही यासाठी पीएचपीत 'नल' असतो आणि नल == ० हे आजही खरं आहे. ज्याने सांगितलं नाही आणि ज्याच्याकडे काहीच नाही, दोघं एका रांगेत.

बँक खात्याचे नंबर घ्या. "००१२३" आणि "१२३", दोन्ही मजकूर, दोन्ही अवतरणात, तरी सैल तुलना म्हणते सारखे, कारण दोन्ही आकड्यांसारखे 'दिसतात'. जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्यांत. इंग्रजी 'ई' मधे आला तर तो दहाचा घात समजला जातो, म्हणून खोली क्रमांक "२ई१" आणि खोली क्रमांक "२०" एकच होतात. याच वाटेने पासवर्डही फुटले आहेत. एमडीफाइव्ह हा जुना प्रकार वापरून पासवर्डचा लांबलचक ठसा काढतात. २४०६१०७०८ या मजकुराचा ठसा '०ई' ने सुरू होतो आणि पुढे नुसते आकडे येतात. शून्याला दहाच्या कितव्याही घाताने गुणलं तरी शून्यच, म्हणून अशा धाटणीचे कुठलेही दोन ठसे सैल तुलनेत एकसारखे ठरतात, पासवर्ड पूर्ण वेगळे असले तरी. दुसऱ्याच्या कुलपाला तुमची किल्ली लागते, कारण दोन्ही किल्ल्यांवर '०ई' कोरलंय.

ओटीपीचंही असंच. सर्व्हरवर "४८२९१३" ठेवलंय. समोरच्याने आकड्याऐवजी जेसनमधून नुसतं 'ट्रू' पाठवलं आणि कोडात == असलं, तर दार उघडं. ट्रू हे कुठल्याही भरलेल्या मजकुराच्या बरोबर असतं ("०" सोडून). हे पाचव्या आवृत्तीतलं नाही, आज डाउनलोड कराल त्या आवृत्तीतलं सांगतोय.

एवढं सांगितलं की हमखास एक जण उठतो: अहो, पीएचपी आठ आली की, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात?

आठवी आवृत्ती २६ नोव्हेंबर २०२० ला आली हे मला माहीत आहे. निकिता पोपोव यांच्या प्रस्तावाने त्यात आकडा आणि मजकुराची तुलना सुधारली हेही माहीत आहे. आता मजकूर पूर्णपणे आकड्यासारखा असेल तरच त्याचा आकडा केला जातो, नाहीतर आकड्याचाच मजकूर करून तुलना होते. ७ == "७/१२" आता खोटं. ० == "बीड" आता खोटं. माझी २०१९ ची चूक आठव्या आवृत्तीत झालीच नसती. मान्य, आणि त्या माणसांचे आभार.

पण मी वर जे सांगितलं त्यातलं निम्म्याहून जास्त आठव्या आवृत्तीतही जिवंत आहे. खाते क्रमांकाची पुढची शून्यं, ई वाले नंबर, ०ई वाले ठसे, नल आणि शून्य, 'एम्प्टी' आणि शून्य, ट्रू आणि ओटीपी. 'इन ॲरे' अजूनही सांगितल्याशिवाय काटेकोर होत नाही. काही जण फाइलच्या वर 'स्ट्रिक्ट टाइप्स' ची ओळ टाकतात आणि निर्धास्त होतात. ती ओळ फंक्शनला काय दिलं जातं आणि ते काय परत देतं ते पाहते. == ला ती हातही लावत नाही.

दुसरं, आवृत्ती आली म्हणजे ती सर्व्हरवर चढली असं नाही. ७.४ ची सुरक्षा-दुरुस्ती २८ नोव्हेंबर २०२२ ला थांबली. तालुक्याच्या एखाद्या पतसंस्थेचं किंवा कॉलेजचं पोर्टल ज्याने बनवलं तो पोरगा आता हिंजवडीत दुसरीकडे लागलाय, होस्टिंगचं बिल कोणीतरी दर वर्षी भरतंय आणि आवृत्ती बदलली तर काय मोडेल या भीतीने कोणी हात लावत नाही. हा प्रसंग तुम्ही स्वतः पाहिला नसेल तर तुमच्या गावातल्या कोणालाही विचारा.

तिसरं म्हणजे पीएचपीच्या मागे बहुतेक वेळा मायएसक्यूएल बसलेली असते. तिची सवयही हीच. गट नंबरचा रकाना मजकुराचा आहे आणि तुम्ही विचारलंत गट नंबर = २१४, आकड्याभोवती अवतरणं न घालता, तर ती तुम्हाला २१४ देईल, २१४/१ देईल, २१४/२ देईल आणि २१४/२/अ सुद्धा देईल. पीएचपी सुधारली तरी ही तशीच आहे. दोन अवतरणचिन्हं घातली की उत्तर बरोबर येतं. पोटहिस्सा त्या दोन अवतरणांवर टांगलेला आहे.

मग दुसरा उठतो. याचं म्हणणं, पीएचपी ही भाषाच फालतू, पायथन शिका. याला मी उत्तर देणार नव्हतो, पण हा माणूस कॉलेजच्या प्रत्येक कँटीनमध्ये असतो. पायथनमध्ये ७ == "७" सुद्धा खोटं येतं, हे खरं. पण जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट ज्यावर चालतात ती वर्डप्रेस पीएचपीत लिहिलेली आहे. आपल्या भागातल्या पोराला पहिली नोकरी, पहिले पाच-सहा हजार रुपये, पहिलं 'सर, साइट लाइव्ह झाली' हे याच भाषेने मिळवून दिलेलं असतं. ज्या भाषेने आमचं घर चाललं तिला फालतू म्हणणं हा पुन्हा तोच आळस आहे: विचार न करता दोन गोष्टी एका चिठ्ठीखाली टाकणं. भाषेने तीन बरोबरचं चिन्ह दिलं होतं. वापरलं नाही ते मी.

तिसरा मात्र मला खरा धोक्याचा वाटतो, कारण तो ऑफिसात मोठ्या खुर्चीवर असतो. तो म्हणतो, लोकांना फॉर्मच नीट भरता येत नाहीत. थोडी सैल ठेवा सिस्टीम, नाहीतर कोणाचाच अर्ज बसणार नाही.

सैलपणा हवाय? मलाही हवाय. पण कुठे? 'बोऱ्हाडे' हे आडनाव घ्या. यातला 'ऱ्ह' मराठी कीबोर्डवरून दोन-तीन तऱ्हांनी निघतो. एका तऱ्हेत 'ऱ' हे एकच अक्षर असतं. दुसरीत 'र' आणि खाली नुक्ता. तिसरीत 'र' चा पाय मोडून मधे एक न दिसणारा जोडखिळा. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. आतल्या बाइट वेगळ्या. पीएचपीचं == तिथे म्हणतं वेगळे, === तिथे म्हणतं वेगळे. एकाच माणसाचं एकच आडनाव एका कागदावर टंकलेखकाने एका तऱ्हेने टाकलेलं, दुसऱ्यावर दुसऱ्या, आणि तो माणूस दोन नावांचे एकच आपण आहोत असं प्रतिज्ञापत्र करायला शंभर-पाचशे घालतो. भीमराव-भिमराव, इंग्रजीत 'राव' च्या शेवटी ओ की व्ही, हे तर सोडूनच द्या.

म्हणजे बघा. जिथे माणसाला जरा मोकळीक हवी, नावाच्या वेलांटीत, तिथे आमची सिस्टीम कमिशनरसारखी काटेकोर. जिथे काटेकोर राहायला हवं, जमिनीच्या पोटहिश्शात, खात्याच्या पुढच्या शून्यात, तिथे ती पारावरच्या गप्पांइतकी सैल. सैलपणा कुठे आणि घट्टपणा कुठे हे ठरवायला शेत, घर, वाटणी, आडनाव यातलं काहीतरी कळावं लागतं. == लिहिताना आपण ते ठरवणं टाळतो आणि १९९५ च्या एका वेबपेजच्या सोयीवर सोडून देतो.

'सारखं' कशाला म्हणायचं हा प्रश्न केवढा मोठा होऊ शकतो ते महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिलंय. जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, ३४,०२२ कोटींचा आकडा, अर्ज सगळे ऑनलाइन. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली. पाठोपाठ बँकांनी याद्या उघडल्या तर अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक. ते पोर्टल कशात लिहिलं होतं हा इथे मुद्दाच नाही, चूक कुठल्याही भाषेत करता येते. मुद्दा हा की वेगवेगळी माणसं यादीत एका नंबराखाली उभी होती आणि ते दिसलं शेवटच्या टेबलावर, पैसे निघायच्या वेळी. तोवर रांगेत उभं राहून, अंगठे देऊन, पावत्या जपून लोक मोकळे झाले होते. 'तांत्रिक अडचण' हा शब्द त्या हिवाळ्यात आमच्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी बसला.

तांत्रिक अडचण म्हणजे काय? पाऊस पडला नाही याला अडचण म्हणतात. कोणीतरी तुलना नीट लिहिली नाही, कोणीतरी ती तपासली नाही, कोणीतरी 'चालतंय ना' म्हणून बिल मंजूर केलं, याला अडचण म्हणत नाहीत. मी लिहिलेल्या चार ओळींना शेतकरी कंपनीच्या माणसानेही तांत्रिक अडचण म्हटलं आणि मी मान डोलावली. नाव घेतलं गेलं नाही म्हणून बरंच वाटलं तेव्हा.

'चालतंय ना' चं आता बोलतो. सैल तुलना जगली ती याच्या जिवावर. तुम्ही स्वतः टेस्ट करता तेव्हा कोणते नंबर टाकता? १, २, १२३, फार तर १२३४५. पोटहिस्सा टाकत नाही. शून्याने सुरू होणारा खाते क्रमांक टाकत नाही. मराठी कीबोर्ड लावून भरत नाही. जमीन शून्य टाकत नाही. तुमच्या टेस्टमधला माणूस नेहमी स्वच्छ, इंग्रजी आकड्यांचा, अखंड गटाचा, एका स्पेलिंगचा असतो. असा माणूस बीड जिल्ह्याच्या ११ तालुक्यांत मला तरी भेटलेला नाही. आणि गंमत बघा, टेस्ट करणारे आपण याच ११ तालुक्यांतले असतो. आपल्या बापाचा सातबारा कसा दिसतो ते आपल्याला पाठ असतं. पुण्याच्या ऑफिसात बसलं की आपण ते विसरतो, किंवा ते गावंढळ वाटतं म्हणून टाकत नाही. मी टाकलं नाही. घरचा गट नंबर टाकला असता तर पाच मिनिटांत सापडलं असतं, आमचाही पोटहिस्साच आहे.

म्हणून आता माझ्याकडे कोणी ज्युनिअर आला की मी त्याला नियम सांगत बसत नाही, कामाला लावतो. प्रोजेक्ट उघड, दोन बरोबरची चिन्हं शोध, प्रत्येकापाशी थांब आणि मला सांग की इथे दोन्ही बाजूंना नक्की काय येतंय. पहिल्या दिवशी तो कंटाळतो. दुसऱ्या दिवशी त्याला एक सापडतं आणि तो खुर्चीतून उठतो. पीएचपीस्टॅन नावाचं फुकटचं साधन हे शोधून देतं, तेही लावतो. नंबर म्हणून ज्याला नाव आहे पण ज्याची बेरीज कोणी करत नाही, गट नंबर, खाते नंबर, आधार, मोबाइल, पिन कोड, ते सगळं मजकूर म्हणून ठेवायचं. दोन आधार नंबरांची बेरीज करून कोणाला काय मिळणार आहे? पासवर्डसाठी 'पासवर्ड व्हेरिफाय' आहे, टोकनसाठी 'हॅश इक्वल्स' आहे, तिथे स्वतःचं डोकं चालवायचं नाही. नावं जुळवण्याआधी युनिकोडचं नॉर्मलायझेशन, न दिसणारे जोडखिळे काढणं, आणि तरीही न जुळलं तर थेट 'नाही' न म्हणता माणसाकडे पाठवणं. देवनागरी आकडे आले तर आधी त्यांचे इंग्रजी करून घेणं, पाच ओळींचं काम आहे.

आणि संदेश. "या गटावर अर्ज आधीच मंजूर झाला आहे" असं मी लिहिलं होतं. कोणत्या गटावर, कोणाच्या नावे, कधी, काहीच नाही. नुसतं "यादीत २१४ आढळला, तुमचा २१४/२ आहे" एवढं छापलं असतं तरी केंद्रावरच्या पोराला चूक दिसली असती. मशीन कशाला कशाबरोबर जोडतंय हे लपवून ठेवायची सवय आपल्याला कोणी लावली?

चूक मला सापडली ती जुलैत. आणखी तीन तक्रारी आल्या आणि तिन्हीत तिरपी रेघ होती, तेव्हा. 'इन ॲरे' मध्ये तिसरं कलम टाकलं आणि यादीतले नंबर मजकूर करून घेतले. दुरुस्ती चढवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. धाकट्याचा अर्ज मंजूर झाला. त्याने तोवर दुकानातून पूर्ण भावाने बियाणं आणून पेरलं होतं, सोयाबीन वीतभर आलं होतं. सवलतीच्या पिशव्या त्याला कशाला हव्या होत्या आता.

मी फोन केला. म्हणालो, काका, चूक माझी होती, कम्प्युटरने दोन गट एक समजले, तुमच्या भावाने तुमच्या रानावर काही भरलेलं नव्हतं.

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज होता. तो बंद झाला.

"म्हंजी थोरल्यानं न्हाई भरला?"

"नाही."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "मी त्याला पारावर चार माणसांत बोललो की रं."